सरासरी सरकली, चोच कुणाचीच वाढली नाही: खऱ्या आकड्यांतून नैसर्गिक निवड शिकवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचं विज्ञान महाविद्यालय. प्रथम वर्ष बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेली साठेक मुलं-मुली, बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी, घरी कापूस-सोयाबीन. दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा सगळ्यांनी केलेला, बारावीला तोच विषय पुन्हा. डार्विनचे मुद्दे पाठ होते: अमाप प्रजनन, जगण्यासाठी स्पर्धा, आपसातले फरक, सक्षम टिकणं, नवी जाती तयार होणं. लॅमार्कचा जिराफही पाठ होता (मान ताणून ताणून लांब झाली आणि ती लांबी पिल्लांत उतरली) आणि तो चूक आहे हेही पाठ होतं.

मी तिथेच संख्याशास्त्र शिकवतो. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आकड्यांच्या मदतीसाठी मला बोलावलं, त्यामुळे हे सगळं सुरुवातीपासून जवळून पाहता आलं. ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि माणसांचे तपशील गाळले आहेत.

अडचण

मॅडमनी धडा संपल्यावर पाठांतराला वाव नसलेला एक प्रश्न दिला: बीटी कपाशीवर, म्हणजे जिच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं त्या कपाशीवर, सुरुवातीला गुलाबी बोंडअळी मरत होती, आता पुष्कळ शेतांत ती मरत नाही, असं का झालं असेल? २०१७ च्या हंगामात बोंडअळीने विदर्भात जो हाहाकार केला तो या मुलांनी घरात पाहिलेला होता. उत्तरं आली ती अशी: “अळीला विषाची सवय झाली.” “जगण्यासाठी अळीने स्वतःमध्ये बदल केला.” “विष खाऊन खाऊन तिची ताकद वाढली.” एकीने तर पहिल्या पानावर लॅमार्कचं मत का टिकलं नाही हे नेटकं लिहिलं होतं आणि मागच्या पानावर अळीबद्दल अगदी लॅमार्कसारखंच उत्तर दिलं होतं.

मॅडमनी मग खरी उदाहरणं काढली. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांतलं डॅफ्ने मेजर हे जेमतेम पाव चौरस किलोमीटरहून थोडं मोठं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांना पायात कडी घालून एकेकाला मोजलं. १९७७ साली पावसाने दगा दिला, वर्षभरात २४ मिलिमीटर पडला. मध्यम आकाराच्या, जमिनीवर दाणे टिपणाऱ्या फिंचची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. आणि उरलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी, म्हणजे बुंध्याशी वरून खालपर्यंतचं माप, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढलेली निघाली.

फळ्यावर दोन ठिपके आले, एक दुष्काळाआधीचा, एक नंतरचा, मध्ये चढती रेघ. पुढच्या तासाला मुलांनी लिहिलं: “दुष्काळात बिया कडक झाल्या म्हणून पक्ष्यांच्या चोची जाड झाल्या.”

थोडक्यात, खरा आकडा दाखवला आणि गैरसमज पक्का झाला. मला यात मुलांचा दोष दिसेना. दोन सरासऱ्या रेघेने जोडल्या की अंगणवाडीतल्या वजनवाढीच्या तक्त्यासारखं दिसतं: तेच मूल, मोठं होत जाणारं. सरासरीला नाव-गाव नसतं. वर सरकलेल्या ठिपक्यामागे कोणी वाढलं की कोणी गेलं, हे ती रेघ सांगूच शकत नाही. आणि नैसर्गिक निवडीत सगळा मुद्दा तेवढाच आहे.

समोरचे पर्याय

तोच तास पुन्हा, जरा सावकाश घेणं, हा पर्याय मॅडमनी स्वतःच बाद केला.

दुसरा पर्याय धान्याच्या खेळाचा. मटकी, हरभरे, राजमा ताटात मिसळायचे, मुलांच्या हातात वेगवेगळे चिमटे द्यायचे, ज्याला दाणे कमी मिळाले तो ‘मेला’. खेळ रंगतो, शिवाय चिमटा बदलायचा नाही हा नियमच शिकवून जातो. पण निकाल आपणच आधी पेरून ठेवलेला असतो आणि अठरा वर्षांच्या मुलांना ते कळतं. खेळ राखीव ठेवला.

तिसरा पर्याय सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, आमच्या भागाला सगळ्यात जवळचा. अँथनी ॲलिसन या संशोधकाने १९५४ साली युगांडातल्या कंपालाच्या आसपासच्या २९० मुलांचे आकडे दिले आहेत: सिकल गुण असलेल्या ४३ पैकी १२ मुलांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी, नसलेल्या २४७ पैकी ११३ मुलांच्या रक्तात. म्हणजे २८ टक्के विरुद्ध ४६ टक्के. चार घरांचा तक्ता, नवशिक्यालाही झेपणारा. मी याच्याच बाजूचा होतो. मॅडमनी शांतपणे नाही म्हटलं. “सर, वर्गात कोणाच्या घरी सिकलसेलचं कार्ड आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण हा तक्ता लावला की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारणारच, आपल्यात कोण आहे.” दुसरं कारण विषयातलं होतं. सिकल जनुक आई-बापांपैकी एकाकडून आलं तर फायदा आणि दोघांकडून आलं तर आजार, हे गणित पहिल्या पायरीला जड जातं. पर्याय पुढच्या सत्रावर गेला, तोही वैयक्तिक चौकशीला वाव राहणार नाही अशा बेताने.

खरी चुरस उरलेल्या दोहोंत झाली. मॅडमना बंपसच्या चिमण्या हव्या होत्या. १ फेब्रुवारी १८९८ ला अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावी बर्फाचं वादळ झालं, त्यानंतर गारठून पडलेल्या १३६ चिमण्या ब्राउन विद्यापीठात प्राणिशास्त्रज्ञ हर्मन बंपस यांच्याकडे आणल्या गेल्या. ७२ जगल्या, ६४ मेल्या. त्यांनी जगलेल्या-मेलेल्या सगळ्यांची लांबी, वजन, पंख, हाडं मोजली आणि एकेका चिमणीचं माप छापलं. आपल्या अंगणातल्या चिमणीचीच ही जात, त्यामुळे ‘फिंच म्हणजे काय’ इथून सुरुवात करावी लागत नाही. संख्याशास्त्रवाल्याला तर ही यादी म्हणजे पर्वणी.

तरी मी अडलो, कारण या मुलांचा गैरसमज ‘तोच पक्षी बदलतो’ हा होता. बंपसच्या चिमण्या एकदाच मोजल्या गेल्या, वादळानंतर. आधीचं माप नाही, पुढच्या पिढीचं तर नाहीच. डॅफ्नेवर तिन्ही गोष्टी आहेत: कडी घातलेले पक्षी दुष्काळाआधी मोजलेले, त्यातले कोण उरले याची नोंद, आणि नंतरच्या पिल्लांची मापं. शिवाय १९७७ मध्ये या फिंचची वीणच झाली नाही, म्हणजे नवे पक्षी मिसळून सरासरी हलली असं म्हणायलाही जागा नाही. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याची चोच जाडीत वाढत नाही. कोणी जन्मलं नाही, कोणी वाढलं नाही, तरी सरासरी सरकली. मग राहिलं काय? हा प्रश्न मुलांपुढे टाकता येईल, यावर मॅडम डॅफ्नेला राजी झाल्या.

काय केलं

हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूटने शिक्षकांसाठी ग्रँट दांपत्याच्या नोंदींतले शंभर पक्षी मोफत उपलब्ध करून दिले आहेत. प्रत्येकाचा कड्याचा नंबर, नर की मादी, वजन, पंख, पाय, चोचीची लांबी आणि जाडी. मॅडमनी घरोघरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करून त्यांच्या कोऱ्या बाजूची कार्डं कापली. एका कार्डावर एक पक्षी: वर नंबर, खाली जाडी. जगला की मेला हे मागे, पेन्सिलीने. गट सहा होते आणि प्रत्येकाला पूर्ण शंभराचा संच द्यायचा होता, त्यामुळे एक संपूर्ण दुपार कात्री चालली.

इथे निर्णयाची पहिली जागा आली. त्या शंभरांत पन्नास जगलेले आणि पन्नास मेलेले पक्षी आहेत. तुलना करायला सोयीचं, पण बेटावर निम्मे जगले नव्हते, शंभरातले पंधरा जगले होते. कार्डं तशीच दिली तर दुष्काळ म्हणजे नाणेफेक होती असं मुलं धरून चालणार. मॅडमचं म्हणणं, तोंडी सांगून टाकू. मला ते पुरेसं वाटेना, कारण हातात जे दिसतं तेच डोक्यात राहतं. शेवटी असं ठरलं की प्रत्येक गटाने मेलेली पन्नास कार्डं तशीच ठेवायची आणि जगलेल्यांतली चिठ्ठ्या टाकून नऊच घ्यायची. ५९ मध्ये ९, म्हणजे शंभरात पंधरा.

दुसरी जागा: ‘नैसर्गिक निवड’ हे शब्द केव्हा उच्चारायचे? मॅडमनी ते पहिल्या प्रॅक्टिकलला पूर्ण टाळले. शब्द आला की पाठ केलेले पाच मुद्दे धडाधड बाहेर येतात आणि कार्डांकडे कोणी बघत नाही.

सुरुवात सराट्यापासून झाली. डॅफ्नेवर लहान, मऊ बिया आधी खाऊन संपल्या आणि मागे राहिल्या त्या मोठ्या, कठीण. त्यातली मुख्य वनस्पती आपल्या सराट्याच्याच, म्हणजे गोखरूच्या कुळातली. मुलांना सराटा सांगावा लागत नाही, तो पायात गेलेला असतो. बांधावरून आणलेली वाळकी काटेरी फळं टेबलावर ठेवली, सोबत लहान-मोठ्या पकडी. फळाची फोड काट्यांना चुकवून धरायची, दाबायची, आतली बी काढायची. लहान पकडीचं तोंड फोडीवरून निसटायचं, काटा बोटात जायचा, आणि बी हाती लागली तर तिळाएवढी. एवढ्याशा दाण्यासाठी एवढी मेहनत, हे पाहून ‘बिया कडक झाल्या’ हे वाक्य आपोआप मागे पडलं. बिया होत्या तशाच होत्या. सोप्या बिया तेवढ्या संपल्या होत्या.

मग व्हरांड्याच्या फरशीवर खडूने पट्टी आखली, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे रकाने. गटाने आपली ५९ कार्डं ज्याच्या त्याच्या रकान्यात एकाखाली एक लावली. मध्ये गर्दी, कडेला विरळ. खडूनेच सरासरीची खूण केली. त्यानंतर मॅडम म्हणाल्या, “१९७७. ज्याच्या मागे ‘मेला’ लिहिलंय ते कार्ड पालथं करा.” फरशी जवळपास रिकामी झाली. उरलेल्या नऊंची सरासरी काढली, दुसरी खूण केली. ती बहुतेक गटांत उजवीकडे गेली.

“चोच वाढली का?” मॅडमनी विचारलं. “हो, वाढली,” असे तीन-चार आवाज आले.

“कुणाची? कार्ड दाखवा.”

एका मुलीने वाकून उरलेली कार्डं एकेक उचलून वाचली. “मॅडम, आकडे तर तेच आहेत. कुणाचीच नाही वाढली.” थोडं थांबून म्हणाली, “बारीकवाले गेले फक्त.”

सगळ्या प्रकरणात माझ्या मते सगळ्यात मोलाचं काही घडलं असेल तर ते हेच. ते व्याख्यानाने झालं नाही, कार्ड हातात घेऊन त्यावरचा आकडा बदललेला आहे का हे तपासण्याने झालं.

एका गटाचा फरक मात्र अगदीच किरकोळ आला. त्यांची नऊ कार्डं चिठ्ठीत तशीच निघाली होती. निर्णयाची तिसरी जागा ही. वेळ कमी होता, आणि त्यांना पुन्हा चिठ्ठ्या टाकायला लावलं असतं तर सगळे गट एका रांगेत आले असते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू द्या. सहाही गटांच्या खुणा फळ्यावर एकाखाली एक मांडल्या: पाच उजवीकडे, कमी-अधिक, आणि एक जवळपास जागच्या जागी. नऊच पक्षी उचलले तर नुसत्या योगायोगाने काय काय होऊ शकतं, यावर मला आयती वीस मिनिटं मिळाली. एरवी मी हे नाणी उडवून शिकवतो आणि मुलं जांभया देतात.

दुसऱ्या प्रॅक्टिकलला मागच्या बाकावरच्या एका मुलाने अडवलं. “सर, नर मोठे असतात ना? मग चोचीचं काय, नुसते नर जास्त वाचले असतील.” प्रश्न अस्सल होता. बेटावर खरोखरच माद्या जास्त मेल्या आणि उरलेल्यांत नरांची संख्या कितीतरी जास्त झाली होती. आम्ही कार्डं नर-मादी अशी वेगळी करून पुन्हा लावायला सांगितली. एकेका ढिगात इतकी थोडी कार्डं उरली की छातीठोक काही म्हणता येईना, आणि ते मुलांना तसंच सांगितलं. ग्रँट यांच्या गटाचा निष्कर्ष मोठ्या चोचीचे नर सगळ्यात जास्त तगले असाच आहे, पण तो शेकडो पक्ष्यांवर उभा आहे.

शेवटी पिढीचा प्रश्न. नुसते मेल्याने उत्क्रांती होत नाही, उरलेल्यांचा गुण पिल्लांत उतरावा लागतो. आई-बापांच्या चोचीची सरासरी आडव्या अक्षावर, पिल्लांची उभ्या अक्षावर, असा डॅफ्नेवरच्या नोंदींचा आलेख मॅडमनी दाखवला. ठिपके चढत्या पट्ट्यात. दुष्काळानंतर जन्मलेल्या पिल्लांच्या चोची आधीच्या पिढीपेक्षा तीन-चार टक्क्यांनी जाड होत्या. ‘नैसर्गिक निवड’ हे शब्द फळ्यावर आले ते इथे.

परिणाम

महिन्याभराने चाचणी झाली. फिंचवरच्या प्रश्नाला बहुतेकांनी ‘जाड चोचीचे जास्त वाचले, त्यांची पिल्लं तशी झाली’ या वळणाचं उत्तर दिलं. कोणता आकडा कशावरून काढला हेही पुष्कळांनी लिहिलं, जे आमच्याकडे क्वचित दिसतं.

बोंडअळीचा प्रश्न पुन्हा तोच दिला होता. तिथे सुधारणा झाली, पण निम्म्याच्या आसपास मुलांनी सवयीचंच कारण पुन्हा लिहिलं. मॅडम हिरमुसल्या. मला यात नवल वाटलं नाही. फिंचबद्दल मुलांचं आधीचं काही मत नव्हतं. अळीबद्दल मात्र घरात, कृषी केंद्राच्या काउंटरवर, पारावर, सगळीकडे एकच स्पष्टीकरण ऐकलेलं असतं. कार्डांच्या दोन प्रॅक्टिकलनी ते कसं हलावं?

एक नवा गैरसमजही तयार झाला, तो जास्त लागला. “निसर्गाने चांगल्या चोचीचे पक्षी निवडले,” असं बऱ्याच जणांनी लिहिलं. मोठी चोच म्हणजे सुधारलेली चोच. याचा उतारा त्याच बेटावर आहे: १९८२-८३ च्या एल निन्योत, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्या काळात, डॅफ्नेवर मीटरभराहून जास्त पाऊस झाला, वेली माजल्या, लहान बियांचा सुकाळ झाला, आणि पुढच्या कोरड्या काळात पारडं लहान चोचीकडे झुकलं. मॅडमनी हे सांगितलं होतं, पण दुसऱ्या प्रॅक्टिकलच्या शेवटच्या दहा मिनिटांत, एसटीच्या वेळेकडे डोळे लागलेले असताना.

पुन्हा करायचं तर

एल निन्योचा भाग शेवटी ठेवायचा नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला फरशी रिकामी झाल्यावर लगेच विचारायचं: पुढच्या वर्षी धो-धो पाऊस झाला तर कोणते पालथे होतील? उत्तर मुलांनी आधी द्यायचं, मग आकडे.

बोंडअळीला स्वतंत्र तास लागेल, आणि त्याचं साहित्य शेतकऱ्याच्या घरात पडलेलं आहे. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं वेगळं पाकीट यायचं, कडेने लावण्यासाठी. मॅडमनी वर्गात विचारलं तेव्हा मुलं हसली: “ते कोण लावतंय मॅडम.” बिगर-बीटी झाडांवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही जगतात, त्यांचे पतंग तग धरलेल्या अळ्यांच्या पतंगांशी जुगतात आणि तग धरण्याचा गुण लवकर पसरत नाही. ते पाकीट न लावलेल्या शेतात काय होतं, हे त्याच पत्रिकांच्या कार्डांवर पिढी-दरपिढी मांडता येईल. फक्त ती मांडणी आम्ही रचलेली असेल, मोजलेली नाही, हे मुलांना पहिल्याच वाक्यात सांगावं लागेल. धान्याच्या खेळाला मी जो आक्षेप घेतला होता तो इथेही लागू होतोच. मॅडमच्या मते फिंच आधी झालेले असतील तर चालेल.

पन्नास-पन्नासची अडचण चिठ्ठ्यांनी सुटली, पण त्यात जगलेल्यांची बरीच माहिती वाया जाते. वेळ असेल तर दोन फेऱ्या घ्याव्यात: एकदा नऊ कार्डांनी, एकदा सगळ्या पन्नासांनी, आणि कोणत्या फेरीतून काय कळलं ते मुलांनाच लिहायला सांगावं.

बंपसच्या चिमण्या आता माझ्याकडे, द्वितीय वर्षाच्या संख्याशास्त्राच्या मुलांकडे आल्या आहेत. त्यातल्या ४९ माद्यांत जगलेल्या २१ जणींची सरासरी लांबी १५७.४ मिलिमीटर, मेलेल्या २८ जणींची १५८.४. फरक नगण्य. पण मेलेल्यांची मापं जास्त विखुरलेली आहेत, प्रचरण (विखुरण्याचं माप) १५.०७ विरुद्ध ११.०५, आणि त्यावरून दोघा-तिघांनी ‘वादळाने मधल्या मापाच्या चिमण्या राखल्या’ असा निष्कर्ष काढून टाकला आहे. दोहोंचं गुणोत्तर १.३६ येतं. एवढ्या थोड्या पक्ष्यांत ते नुसत्या योगायोगानेही सहज येऊ शकतं की नाही, ते कोष्टकात पाहून पुढच्या जर्नलमध्ये लिहून आणा, असं त्यांना सांगितलं आहे.